एका प्रवासाची चाळीस वर्षं : निसर्गचित्रकार पेडर बाल्के याचं प्रकरण

५ फेब्रुवारी १८८७ रोजी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, पेडर बाल्के वारला. वय ब्याऐंशी. गावाने त्याला ओळखलं ते मुख्यतः कामगारांसाठी वस्ती उभारणारा, पेन्शनच्या प्रश्नावर बोलणारा सार्वजनिक कार्यकर्ता म्हणून. हा माणूस एके काळी चित्रकार होता आणि फ्रान्सच्या राजाने त्याला चित्रांचं काम दिलं होतं, हे आठवणारे थोडेच उरले होते. तोवर त्याने आयुष्यातली सर्वांत धाडसी चित्रं घरी बसून काढून ठेवली होती आणि त्यांतली बहुतेक कुणी पाहिलेलीही नव्हती.

आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये बाल्केची चित्रं आहेत. प्रदर्शनांत लोक थबकतात ते याच घरगुती चित्रांसमोर, त्याआधीच्या मोठ्या चित्रांसमोर तितकंसं नाही. प्रकरण आहे ते हे. धंदा बुडाल्यावर एका चित्रकाराचं काम संपलं नाही, उलट तिथून खुलत गेलं. हे कसं झालं?

याचं एक तयार उत्तर आहे: काळाच्या पुढे असलेला, लोकांनी दुर्लक्षिलेला प्रतिभावंत. मला ते पटत नाही. त्या गोष्टीत बाल्केचे हात कुठेच दिसत नाहीत. तो काय शिकला होता, कुठल्या कामावर त्याचा हात बसला होता, हे पाहिलं की उत्तर बरंच वेगळं निघतं.

शेतकऱ्यांनी वर्गणी काढून शिकवलेला मुलगा

बाल्केचा जन्म ४ नोव्हेंबर १८०४ चा, म्योसा सरोवरातल्या हेल्गोया बेटावरचा. घरात दारिद्र्य, स्वतःची जमीन नाही. जन्मनाव पेडर आंदेर्सेन. 'बाल्के' हे टोटेन भागातल्या एका शेतवाडीचं नाव. तिथल्या कुटुंबाने त्याला आसरा दिला आणि तेव्हाच्या नॉर्वेतल्या रिवाजाप्रमाणे वाडीचं नाव त्याचं आडनाव झालं.

त्याची पहिली कमाई रंगाऱ्याची. टोटेनच्या सधन शेतघरांत दारं, कपाटं, भिंती रंगवायच्या. साध्या पाइनच्या लाकडावर महागड्या लाकडाचे रेषे उठवायचे, नाहीतर संगमरवराच्या शिरा ओढायच्या. भिंतीवर हौसेने एखादा डोंगर-दऱ्यांचा देखावा. पोराच्या हातात काहीतरी आहे हे तिथल्या शेतकऱ्यांनी ओळखलं आणि त्याच्या शिक्षणासाठी पैसे घातले. त्याची परतफेडही रंगानेच झाली. त्यांच्या घरांत त्याने सजावटीचं काम केलं. पुढच्या सगळ्या कथेत फ्रान्सचा राजा येतो, ड्रेस्डेनचे मोठे चित्रकार येतात, पण मला सर्वांत महत्त्वाचे आश्रयदाते हे टोटेनचे शेतकरीच वाटतात. त्यांनी नुसते पैसे दिले नाहीत, ज्यावर हात घडेल असं कामही दिलं.

क्रिस्तियानियात थोडं शिक्षण झालं, मग १८२९ पासून स्टॉकहोमच्या कला अकादमीत. तिथे कार्ल योहान फाल्क्रान्त्स हा निसर्गचित्रकार त्याचा गुरू. १८३० च्या उन्हाळ्यात बाल्के दक्षिण नॉर्वे पायी फिरला. टेलेमार्क, मग डोंगर ओलांडून बर्गन, परत येताना फिलेफ्येल आणि वाल्ड्रेस. वहीत छोटी छोटी टिपणं. त्या काळात नॉर्वेचे तरुण चित्रकार आपला देश असाच चालून पाहत होते. १८१४ मध्ये नॉर्वेला स्वतःची राज्यघटना मिळाली होती, पण राजा स्वीडनचा होता. त्यामुळे डोंगर, धबधबे, फ्योर्ड (डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या खाड्या) यांची चित्रं म्हणजे 'आमचा देश असा आहे' हे सांगणंही होतं.

१८३२

सगळेच पश्चिमेकडच्या फ्योर्डांकडे जात असताना बाल्के १८३२ मध्ये उत्तरेला निघाला. ट्राँडहाइमच्या पुढे किनाऱ्याने बोटीतून नूरलँड, ट्रॉम्सो, हॅमरफेस्ट आणि थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाचा फिनमार्क प्रदेश. नॉर्थ केप पाहिलं, त्याही पलीकडे पूर्वेला वार्दोच्या किल्ल्यापर्यंत गेला. आज महाराष्ट्रातून स्कँडिनेव्हियाच्या सहलीला जाणारे लोक नॉर्थ केपला बसने पोचतात, कड्यावरच्या त्या लोखंडी पृथ्वीगोलापाशी फोटो काढतात. बाल्के गेला तेव्हा तिथे रस्ता नव्हता. समुद्रातून सरळ तीनशे मीटर वर चढलेला काळा कडा, आणि तोही बहुधा होडीतूनच पाहायचा. चित्रकार तिकडे फिरकतच नसत. या टोकाच्या प्रदेशाला आपला मुख्य विषय करणारा पहिला नॉर्वेजियन चित्रकार म्हणून आज बाल्केचंच नाव घेतात.

उतारवयात लिहिलेल्या आठवणींत त्याने या प्रवासाबद्दल फार मनापासून लिहिलं आहे. त्याचं म्हणणं असं की या भूमीत मुख्य भूमिका निसर्गाची आहे आणि माणसं, निसर्गाची लेकरं, तिथे दुय्यम आहेत. त्याच्या चित्रांतल्या माणसांकडे पाहिलं की हे खरं वाटतं. असलीच तर ती एखाद्या होडीतले दोन ठिपके असतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. बाल्के उत्तरेला उन्हाळ्यात होता. नॉर्थ केपला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. पण बाल्केच्या नॉर्थ केपवर बहुतेक वेळा चंद्र असतो, आकाशात काळे ढग असतात, पाण्यावर एक थंड रुपेरी पट्टा असतो. १८४८ चं 'चांदण्यातलं नॉर्थ केप' हे चित्र याचा ठळक नमुना. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला अखंड उजेड त्याने चित्रात रात्रीचा केला. जे पाहिलं ते नोंदवण्यापेक्षा त्याचा मनावर जो दाब पडला तो मांडणं त्याला महत्त्वाचं वाटलं असावं.

आणि दुसरी गोष्ट. उत्तरेचा एवढा मोठा प्रवास त्याच्या आयुष्यात हा एकच. पुढची चाळीस वर्षं तो त्याच शिदोरीवर जगला. वार्दोहूस किल्ला, स्टेटिंडचा सुळका, नॉर्थ केपचा कडा, वादळात सापडलेलं जहाज: विषय तेच, पुन्हा पुन्हा.

ड्रेस्डेन आणि पॅरिस

१८३५-३६ मध्ये तो जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेला. नॉर्वेजियन निसर्गचित्रणाचा जनक मानला जाणारा योहान क्रिस्तियान डाल तिथे राहायचा. एल्बे नदीकाठच्या ज्या घरात डाल राहत होता, त्याच घरात जर्मन निसर्गचित्रकार कास्पार दाविद फ्रीड्रिशही राहत असे. चांदणं, धुकं, एकटं गलबत ही फ्रीड्रिशची भाषा बाल्केने तिथे जवळून पाहिली. १८४३-४४ मध्ये तो पुन्हा डालकडे शिकायला गेला. चाळिशीजवळ आलेला माणूस पुन्हा शिष्य होतो, यात मला मोठं शहाणपण दिसतं. डालने त्याच्याकडून निसर्गाचा बारकाईने अभ्यास करून घ्यायचा प्रयत्न केला. पण बाल्केचा पिंड तपशिलाचा नव्हता, आणि तो बदललाही नाही.

मग पॅरिस. राजा लुई फिलिप गादीवर होता. तरुणपणी, क्रांतीच्या काळात परागंदा असताना, १७९५ मध्ये, हा राजा नाव बदलून नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याने नॉर्थ केपपर्यंत जाऊन आला होता. त्यामुळे बाल्केने आपली उत्तरेची रेखाटनं त्याच्यापुढे ठेवली तेव्हा बघणाऱ्याने तो किनारा स्वतः पाहिलेला होता. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही दरबारात असं गिऱ्हाईक मिळालं नसतं. राजाने काम दिलं. आधी छोट्या तैल-रेखाटनांची मालिका, मग त्यांतून निवड करून मोठी चित्रं.

रेखाटनं झाली, मोठी चित्रं झालीच नाहीत. १८४७ संपता संपता पॅरिसचं वातावरण तापत गेलं आणि बाल्के तिथून निघाला. फेब्रुवारी १८४८ मध्ये लुई फिलिपला गादी सोडावी लागली. त्या मालिकेतली पंचवीसहून अधिक रेखाटनं आज लुव्हर संग्रहालयाकडे आहेत. बाल्केसाठी मात्र दार बंद झालं. ड्रेस्डेन, मग १८४९ मध्ये लंडन, आणि १८५० मध्ये क्रिस्तियानिया. लंडनमध्ये त्याने इंग्लिश निसर्गचित्रकार टर्नरची चित्रं पाहिली असणार असं अभ्यासक म्हणतात. नंतरचे त्याचे समुद्र पाहिले की तसं मानण्याचा मोह आपल्यालाही होतो.

घरी परतल्यावर

घरी आला तेव्हा चित्रांची बाजारपेठ दुसऱ्यांच्या हातात गेली होती. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकलेल्या नॉर्वेजियन चित्रकारांचा तो काळ. हान्स गुडे आणि आडोल्फ टिडेमान या दोघांनी मिळून १८४८ मध्ये काढलेलं 'हार्डांगरची वरात' घ्या. निळाशार फ्योर्ड, बर्फाचे डोंगर, नटूनथटून होडीतून चाललेलं वऱ्हाड, पानन् पान नीट रंगवलेलं. तरुण राष्ट्राला स्वतःचं असं रूप हवं होतं. बाल्केचं उत्तरेचं रूप काळं, ओसाड, माणसांविना. ते दिवाणखान्यात लावायला कोण घेणार? शिवाय ड्युसेलडॉर्फच्या मापाने त्याचं रेखाटन कच्चं आणि रंग उरकलेले दिसायचे. टीकाकारांचा हा आक्षेप नुसता दुष्टावा नव्हता. बाल्केची काही मोठी चित्रं खरोखरच ढिली आहेत. झाडांचे शेंडे आणि पुढचे खडक एकाच हिशेबाने भरलेले वाटतात.

चित्रांवर घर चालेना, तेव्हा त्याने चित्रकारी हा व्यवसाय म्हणून सोडला. शहराच्या हद्दीबाहेर, वेस्त्रे आकेर भागात त्याने जमीन घेतली आणि तिचे तुकडे पाडून कामगारांना परवडेल अशा बोलीने दिले. शहरात आगीच्या भयाने विटांचीच घरं बांधायची सक्ती होती आणि ती गरिबाला झेपत नव्हती. हद्दीबाहेर लाकडी घर चालायचं. वस्तीला बाल्केबी हे नाव पडलं. १८७९ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि पुष्कळ लाकडी घरं गेली. जी मोकळीक वस्तीला जन्म देऊन गेली तीच तिच्या मुळावर आली. याच काळात तो स्त्री-पुरुष दोघांनाही पेन्शन, कलावंतांना अनुदान अशा मागण्यांसाठी झगडत होता. ज्याला शेतकऱ्यांच्या वर्गणीने शिकवलं, त्याने हे प्रश्न उचलावेत हे मला अगदी सरळ वाटतं. चित्रकला सुटली म्हणून हौसेखातर राजकारण, असं ते नव्हतं.

हात काय करत होता

आता मुख्य गोष्ट. गिऱ्हाईक नाही, प्रदर्शन नाही, आणि बाल्के रंगवतो आहे. लाकडाच्या फळीचे तुकडे, पुठ्ठा, कागद. पुष्कळ चित्रं तळहाताएवढी. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं 'वादळ' हे साधारण १८६२ चं चित्र बारा बाय साडेसोळा सेंटीमीटरचं आहे, पोस्टकार्डाहून थोडंसंच मोठं. त्यात समुद्र आहे, ढग आहेत, लाटांत सापडलेली जहाजं आहेत, आणि रंग म्हणाल तर जवळजवळ फक्त काळा आणि पांढरा.

हे चित्र जवळून पाहिलं तर त्याची युक्ती कळते. लाटांचा पांढरा हा बहुतेक ठिकाणी वरून लावलेला पांढरा नाही. फळीला आधी पांढरं अस्तर दिलं आहे. त्यावर अगदी पातळ केलेला काळा-राखाडी तैलरंग एका हाताने पसरला आहे, आणि तो ओला असतानाच ब्रशने, चिंधीने, बोटाने ओढून, पुसून काढला आहे. जिथे रंग निघाला तिथे खालचं अस्तर उघडं पडलं, आणि तोच लाटेचा फेस. जिथे रंग ओघळून साचला तिथे लाटेची पोकळी. सगळं काम रंग ओला असेपर्यंतच, कारण तो सुकला की संपलं. चूक झाली तर दुरुस्ती नाही, सगळं पुसायचं आणि पुन्हा पसरायचं. शेणाने जमीन सारवताना ओल्या थरावर बोटांच्या कमानी उमटत जातात, तसे हाताच्या फेऱ्याचे ठसे या आकाशांत सरळ दिसतात.

ही पद्धत कुठली? अकादमीतली खचित नव्हे, डालचीही नव्हे. ही सजावटी रंगाऱ्याची पद्धत आहे. दारावर लाकडाचे रेषे उठवताना रंगारी हेच करतो: खाली फिकट अस्तर, वर पातळ गडद थर, तो ओला असतानाच फणीने किंवा कोरड्या ब्रशने ओढायचा, गाठ दाखवायची तर बोटाने किंवा फडक्याने टिपायचं. संगमरवराच्या शिरा अशाच निघतात. टोटेनच्या शेतघरांत विशीतल्या बाल्केने हे किती दारांवर केलं असेल! स्टॉकहोम, ड्रेस्डेन आणि पॅरिस या सगळ्या काळात 'खरी' चित्रकला म्हणजे थरावर थर चढवून, तपशील भरून, चकचकीत पुरं केलेलं काम, हे त्याला शिकवलं गेलं आणि ते करताना तो कधीच पहिल्या रांगेत बसला नाही. विकायचं ओझं उतरल्यावर हात आपल्या जुन्या सवयीकडे वळला. रंगाऱ्याचं कसब आणि १८३२ ची आठवण एकत्र आली, आणि जे निघालं ते त्या काळात दुसरं कुणीच करत नव्हतं.

म्हणून मला वाटतं, 'काळाच्या पुढे' हे वर्णन बाल्केला लागू पडत नाही. तो मागे गेला होता, आपल्या पहिल्या धंद्याकडे. आपल्याला ही चित्रं विसाव्या शतकासारखी दिसतात, कारण विसाव्या शतकातल्या चित्रकारांनीही ओघळ, पुसणं, हाताचा फटकारा यांना उघडपणे चित्रात जागा दिली. बाल्केने ते कुठल्या सिद्धान्तापोटी केलं नाही.

याचा अर्थ तो मोठं काम करू शकत नव्हता असाही नाही. १८६४ चं 'धुक्यातला स्टेटिंड' हे ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं चित्र पाहावं. स्टेटिंड हा नूरलँडमधला सरळसोट सुळका, उंची सुमारे १,४०० मीटर. २००२ मध्ये नॉर्वेच्या आकाशवाणीवर लोकांनी तो राष्ट्रीय पर्वत म्हणून निवडला. बाल्केच्या चित्रात खाली खवळलेलं पाणी आणि वर धुकं फाडून उभा राहिलेला कडा. कड्याच्या पायथ्याशी धुकं इतकं विरळ रंगात आहे की डोंगर जमिनीवर उभा आहे की तरंगतो आहे हे ठरवता येत नाही. इथे छोट्या फळ्यांवर कमावलेली मोकळीक मोठ्या चित्रात आली आहे. १८४० च्या दशकातली त्याची मोठी चित्रं शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

नुकसान कुणाचं

एवढं असूनही या प्रकरणाला मी सुखान्त म्हणणार नाही. गिऱ्हाईक गेलं आणि कला मोकळी झाली, हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यावरून गरिबी कलावंताला पोषक असते असा निष्कर्ष कुणी काढू नये. बाल्के मोकळा झाला तो जमिनीच्या व्यवहारातून घर चालत होतं म्हणून. त्याच्याच देशातल्या लार्स हेर्टरविग या चित्रकाराचं पाहा. स्तावांगरजवळच्या गरीब क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घरातला हा मुलगा ड्युसेलडॉर्फला शिकला, मनोविकाराने परत आला, मनोरुग्णालयात राहिला आणि पुढचं आयुष्य सरकारी मदतीवर काढलं. तैलरंग आणि कॅनव्हास परवडेना म्हणून तो तंबाखूच्या वेष्टनाचे कागद पिठाच्या खळीने एकमेकांना चिकटवून त्यांवर जलरंगाने ढग रंगवायचा. ती चित्रं विलक्षण आहेत, पण ती चणचणीमुळे झाली असं म्हणणं त्या माणसावर अन्याय आहे. कलावंतांना अनुदान मिळावं म्हणून बाल्के सार्वजनिक जीवनात भांडत राहिला, हे या संदर्भात विसरता येत नाही. मोकळीक कशावर उभी असते हे त्याला स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं.

दोघांचीही नावं नव्याने पुढे आली १९१४ मध्ये, राज्यघटनेच्या शताब्दीनिमित्त क्रिस्तियानियात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात. बाल्केला जाऊन तोवर सत्तावीस वर्षं झाली होती. त्यानंतरही नॉर्वेबाहेर त्याचं नाव पोचायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. 'वादळ' लंडनच्या नॅशनल गॅलरीत आलं २०१० मध्ये. २०१४-१५ मध्ये ट्रॉम्सो आणि लंडन इथे त्याचं स्वतंत्र प्रदर्शन झालं, २०१७ मध्ये न्यूयॉर्कला.

घरी काढलेल्या या चित्रांवर बहुधा तारीख नसते. विकायचीच नव्हती, तर तारीख कशाला घालायची? त्यामुळे 'साधारण १८६०', 'साधारण १८७०' असेच अंदाज पाट्यांवर दिसतात, आणि चित्रांचा क्रम लावताना अभ्यासकांना अस्तर, रंगाची जाडी, पुसण्याची रीत यांवरच भिस्त ठेवावी लागते. बाल्केच्या बाबतीत हे मला योग्यही वाटतं. त्याची चित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी करून पाहता येतात. 'वादळ' उघडलंत तर जहाज शोधण्याआधी एखाद्या लाटेच्या शेंड्यावर जा आणि पांढरं कुठे लावलं आहे, कुठे नुसतं उघडं सोडलं आहे ते पाहा.